मोड

म्युनिरे आत्याच्या सात पाटल्यांपैकी पाच
मी पाहिल्या नाहीत, नुसत्या ऐकल्यात.
एक मोडली गिरणीचं जातं फुटलं तेव्हा,
एक, धाकटा लष्करात गेला तेव्हा,
दोन एकाच हिवाळ्यात, आतोबांच्या डायलिसिसला.
पाचवीबद्दल ती बोलत नाही.

उरलेल्या दोन मी मोडायला लावल्या.
मी तिची भाची, बँकेतली, शहाणी.
घडणावळ नाही, घट नाही, म्हटलं,
चोराचं भय नाही, कस लावायला नको,
सकाळी दहाला बाजार उघडतो,
पाहिजे तेवढीच युनिटं विक, अख्खी पाटली नको.
ती मांतीच्या कडा दुमडत होती,
चण्याएवढ्या, एका चमच्यात चाळीस मावतील अशा.
"ठेवलंय कुठे?"
इस्तंबूलला. तिजोरीत.
"माझ्या नावाच्या पिशवीत?"
तशी पिशवी नसते, आत्या. सगळ्यांचं एकत्र.
"म्हणजे शेजारणीच्या सोन्यात मिसळलं."
हो, पण मोजून.
"कोणती शेजारीण?"

गव्हाचाही फंड असतो, हे मी उगीच बोलून गेले.
तिचा हात थांबला. जन्म गिरणीत गेला होता.
"तो गहू दळतं कोण?"
कुणीच नाही. तो येतच नाही आपल्याकडे.
तारीख जवळ आली की विकायचा,
पुढच्या तारखेचा घ्यायचा.
"बरंय," ती म्हणाली, "उंदीर तरी लागत नसतील."

सराफ नेजमेत्तिनच्या दुकानात
एक पाटली निघेना. साबण आणला.
काट्यावर दोघी शेजारी शेजारी झोपल्या.
त्यानं वजन मोठ्यानं सांगितलं,
मयताच्या घरी हळू बोलावं तसं.
मनगटावर दोन पांढरे पट्टे राहिले,
चाळीस वर्षं ऊन न लागलेले.

मग हाजेरचं लग्न.
हॉलमध्ये रांग, लाल फिती, टाचण्या,
माईकवर शाबानकाका:
"नवऱ्या मुलाच्या मामांकडून, एक पाटली!"
टाळ्या.
"शेजारी कोकसाल कुटुंबाकडून, पाव नाणं!"
टाळ्या.
आत्या पुढे झाली. चौघडी घातलेला कागद,
माझ्याच बँकेच्या प्रिंटरवरचा,
हाजेरच्या फितीला टोचला.
काकांनी चष्मा वर केला, खाली केला.
"मुलीच्या आत्याकडून..."
माईक खरखरला.
"...बारा युनिटं."
कुणीतरी विचारलं, कसली, विजेची?
हॉल हसला. हाजेरही हसली, मग हसू आवरलं.
आत्यानं टाचणी नीट बसवली
आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.
मी मांडवभर माझे बूट बघत होते.

आता ती पहाटे मला फोन करते.
आज काय भाव?
बाजार बंद आहे, आत्या, झोप.
रात्री अमेरिकेत काही झालं का?
झालंय थोडं.
चांगलं की वाईट?
सोन्यासाठी चांगलं. म्हणजे जगासाठी वाईट.
ती गप्प होते. मग:
"पाटली असं काही सांगायची नाही.
चाळीस वर्षांत एकदाही म्हणाली नाही, आज मी कितीची."

फायदा झालाय. हे सांगायलाच हवं.
चांगला झालाय, नेजमेत्तिनच्या हिशेबानंसुद्धा.
मी तिला पडद्यावर हिरवी रेघ दाखवली,
एर्जियेसच्या उतारासारखी, फक्त चढती.
तिनं बोट लावलं, रेघ मोठी झाली, ती दचकली.

काल मुक्कामाला होते तिच्याकडे.
पहाटे नमाजाआधी नळाखाली हात धरताना
डाव्या हातानं तिनं उजव्या मनगटावरचं
काहीतरी कोपरापर्यंत वर सारलं,
भिजू नये म्हणून.
मग उजव्यानं डाव्यावरचं.
पाणी गार होतं. आवाज काही झाला नाही.