तळहातावर चारशे एक्कावन्न

आयवोच्या दुकानात, तिसऱ्या फडताळापाशी
लुडविना उभी आहे भिंग घेऊन.
हॅमच्या डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी,
रांगेनं मागे वळून
पत्र्याच्या शिवणीखाली शिरणारी.

मेरेसेइनी सिस्टरनं तिच्या तळहातावर
बॉलपेननं आकडे लिहून दिलेत:
३३८ ते ३४१. मग ४५०, ५१, ५२.
"मीठ जिभेला कळतं, साखर कळते.
हे कळत नाही, बाई.
कोंबडीत पाणी धरून ठेवतं,
चीज फाटू देत नाही,
कोलाला चिमटा देतं.
डाळीतलं अर्धंमुर्धं शरीर सोडून देतं,
हे जवळजवळ सगळंच रक्तात.
आणि किती घातलंय, ते डब्यावर नसतं."

यंत्र आठवड्यातून तीनदा उपसतं, थोडंसंच.
उरलेलं रात्रभर खाजतं,
पाठीवर, नेमकं जिथे हात पोचत नाही तिथे.
हाडांतला चुना सुटतो
आणि नसांना आतून गिलावा होतो.

लुडविना आकडे जुळवते आणि हसते.
तिचा बाप टॉपसाइडला खडक खणायचा.
घरी यायचा तो पांढुरका, पापण्यांसकट.
आई त्याला दारातच झटकायची, चटई झटकावी तसा.
खडक पट्ट्यावरून जहाजात,
जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या गव्हाखाली, न्यूझीलंडच्या कुरणात.
बेटाच्या पोटात सुळके उरले,
हिरड्या झिजलेल्या दाढांसारखे.

"त्यालाही फॉस्फेटच म्हणायचे," ती सांगते
गल्ल्यावरच्या डेनिकोला, ज्यानं काही विचारलेलं नाही.
"आता डब्यात बसून आलंय.
घराची आठवण आली असेल."

डेनिको फोनमधून डोकं काढत नाही.

हॅम खाली. गोठलेली कोंबडी वर, भिंग, खाली.
नूडल्स: ४५२. खाली.
बाहेर ट्रकच्या मागे ट्यूना आहे, डोळे अजून ओले.
माशातही असतं ते,
पण त्याला कुणी आकडा दिलेला नाही,
आणि भाव दिलाय तो
तिच्या पेन्शनीच्या डोक्यावरून जातो.

शनिवारी नातवाचा पहिला वाढदिवस.
या बेटावर तो लग्नाहून मोठा.
माणसं येतील, ताटं मोजतील, हॅम शोधतील.

ती सहा डबे उचलते.
एक परत ठेवते.
थोडा वेळ तशीच उभी राहते, मग तोही घेते.

गल्ल्यावर पैसे काढताना
घामेजलेला तळहात उघडतो.

"पेन दे रे," ती म्हणते,
"चारशे एक्कावन्न पुसलं गेलंय."