सात टिटव्या

टिटवीचे सात आवाज होते माझ्याकडे.
तोंडवळीच्या सड्यावर, मे महिन्यात, तीन रात्री जागून पकडलेले.
एकात लांबून कुणाची तरी मोटरसायकल,
ती कापून टाकली.

गेममध्ये एक मुलगी कंदील घेऊन किनाऱ्याने चालते.
ओल्या वाळूतली पावलं नऊ, कोरडीतली सहा,
जांभ्यावरची चार, तिकडे ती फारशी जात नाही.
सगळी पावलं माझीच.
मासळीच्या क्रेटात वाळू भरून
घरामागे जागच्या जागी चाललो, माइक पोटरीशी.

कोड सोपा होता.
सातातला कुठलाही एक आकडा काढ,
तो आवाज वाजव,
चार ते एकोणीस सेकंद गप्प राहा,
पुन्हा काढ.
सूर जरा वर, जरा खाली,
इतकाच, की कानाला कळू नये
आणि कंटाळाही येऊ नये.

बाबल मेतर बर्फाच्या कारखान्यातून सुटून आले होते.
त्यांना हेडफोन लावला.
डोळे मिटून ऐकलं. विडी हातातल्या हातात विझली.
"ही टिटवी खोटी हा.
तसांच्या तसां दोनदा वराडली."

म्हटलं, काका, रँडम आहे, होतं असं.
नाण्याचा छापाही लागोपाठ पडतोच की.

"नाण्याक कान नसतत," म्हणाले. "माका हत."

रापण ओढून झाली की वाळूवर वाटे घालतात.
बांगडे, पेडवे, वर एखादा सौंदाळा,
सगळे ढीग डोळ्याला सारखे दिसेपर्यंत
हा तिकडे, तो इकडे.
मग प्रत्येक जण आपली खूण देतो:
शिंपला, काडी, बाटलीचं बूच, चपलेचा तुटका अंगठा.
आणि पाठ करून उभ्या असलेल्या पोराला सांगतात, टाक.
पोर टाकतं.
कुणाची खूण दोनदा पडत नाही,
कारण हातातून गेली ती गेली.
ओंजळ रिकामी झाल्याशिवाय नवा डाव नाही.

ते पोर मी होतो. अकरा वर्षांचा.
रात्री दीडला आठवलं.

सातही टिटव्या ओंजळीत घेतल्या. ढवळल्या. एकेक टाकली.
संपल्या की परत ढवळायच्या.
फक्त जुन्या डावातली शेवटची
आणि नव्या डावातली पहिली एकच निघाली,
तर तिला मागे ढकलायचं.
ह्या एका ओळीला मला दोन दिवस लागले.

मेतर परत आले तेव्हा पाऊण तास खेळले.
खेळले म्हणजे, मुलीला एक पाऊलही पुढे नेलं नाही.
पाण्याच्या कडेला उभी केली
आणि ऐकत बसले.
"आता बरी हा."
हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

तेवढ्यात बाहेर, कारखान्याच्या मागे,
खरी टिटवी ओरडली.
थांबली.
तश्शीच ओरडली पुन्हा.

मेतर माझ्याकडे बघायला लागले.