ध्येय क्रमांक सात

मत द्यायचा अधिकार नाही मला.
मी फक्त इतिवृत्त लिहितो,
दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, सिव्हिल लाईन्सला,
पडदे ओढलेल्या खोलीत,
जिथे मे महिना चपलांसारखा दाराबाहेर राहतो.

नागरिक सल्लागार समिती. सदस्य अकरा.
खाली पार्किंगमध्ये कार आठ, स्कूटर दोन.
अकराव्या, देवांगना निनावे,
कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडतात.
बोटांची आग होते म्हणून बिस्किटाला हात लावत नाहीत,
पाण्याचा गार ग्लास मात्र
सभा संपेपर्यंत धरून बसतात.

विषय : शहर बससेवेची पुढच्या पाच वर्षांची ध्येये.
एक, प्रवासी वाढवणे. दोन, तोटा कमी करणे.
तीन, मेट्रो आणि बस यांचं नातं जुळवणे.
"नातं जुळवायचं तर आधी पत्रिका बघा," हस्सानंदजी म्हणाले.
हशा मी लिहीत नाही.
वकील अन्सारी उठल्या : "तोटा हा शब्द काढा.
दवाखान्याला कोणी विचारतं का, नफा किती झाला?"
यावर चाळीस मिनिटं. दोनदा चहा.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

सहाव्या ध्येयानंतर अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं,
तेव्हा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी काय म्हनतो साहेब,
आमच्या पारडी नाक्याच्या थांब्यावर
विजेचा एक खांब हाय.
सावली पडते त्याची, बारीक, डोक्यापुरती.
तिच्यात आम्ही उभे राहतो एकामागं एक.
एक वाजता दोघं मावतात, दोनले पाच, तीनले नऊ.
ऊन कलते तशी सावली वाढते,
पन मानसं सावलीपेक्षा लवकर वाढतात.
तं असं लिवा :
सावलीत मावन त्याच्याहून जास्त मानसं
थांब्यावर जमा झाली नाही पाहिजेत."

कोणी म्हणालं, शेड बांधू.
"बांधा ना बाप्पा. पन शेड पाहून बस लवकर येते काय?"

घटाटे साहेब, निवृत्त अभियंता,
कॅल्क्युलेटर उघडून बराच वेळ गप्प होते.
मग हळूच म्हणाले, जणू स्वतःलाच,
"आणि बाराला? मेच्या शेवटी शेवटी
भर बाराला इथे खांबाला सावलीच नसते, बाई."

"तं मंग बाराले
कोनीच उभं नाही राहिलं पाहिजे."

त्यानंतर एसी ऐकू आला. पहिल्यांदाच.

रात्री टंकताना सातव्या ओळीवर अडलो.
'दोन फेऱ्यांतील कमाल अंतर' असं लिहिलं,
खोडलं.
'प्रतीक्षाकाल' लिहिलं.
तो शब्द खुर्चीत बसलेला वाटला.
सव्वीस वर्षं लोकांचं बोलणं मी
कागदाला झेपेल इतकं करून देतोय,
आणि हे बोलणं
कुठूनही कापलं तरी सांडत होतं.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.
कारण : घरगुती.
पारडी नाक्यावर पोहोचलो, तीनला पाच कमी.
खांबावर शिकवणी वर्गाची जाहिरात, अर्धी फाटलेली.
लाईन खरंच होती,
रस्त्यावर कोणी पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ.
आयटीआयचा एक पोरगा. टोपलीत उरलेली सांभार घेऊन एक बाई.
एकीनं लेकराचं डोकं तेवढं सावलीत धरलेलं,
स्वतः बाहेर. तिला मोजायचं की नाही,
नियमात नव्हतं. मोजली.
नऊ.

शेवटच्या म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं.
"या ना साहेब, होते जागा. सरका बे थोडं!"
आणि न बघता, न बोलता
अख्खी लाईन बोटभर खांबाकडे सरकली.

तीन वाजून चार मिनिटं.
सावली माझ्या खिशातल्या पेनापर्यंत आली.
डोकं उन्हात.
दहावा मी.