लाभ, दोन, तीन

गिरणीत मी काटा करतो. अकरा वर्षं झाली.
धानाचं पोतं चढलं
की माझा डावा पाय त्याला खालून कुठं टेकू देतो
ते फक्त मला आणि मालकाला ठाऊक.
क्विंटलमागं सव्वा किलो असा निघून जातो,
आणि पावतीवर माझी सही सुबक येते.

बाप गेला तशी त्याची ठासणीची बंदूक माझ्या नावावर झाली,
पीक संरक्षणाच्या परवान्यासकट.
डुकरांनी बांधीतलं धान लोळवलं त्या आठवड्यात
मी पावतीच्या पाठीवर प्रश्न लिहिले
आणि फागूबाबा कुमरेच्या अंगणात जाऊन बसलो.

बारूद मापानं घ्यायची की तोलून?
माप कोणतं, बापाचं की बाजारातलं?
ठोकून भरायची की अलगद?
पावसाळ्यात तीच चिमूट जड होते का?
आणि थोडी जास्त पडली तर?
थोडी म्हणजे किती?

बाबानं बिडी पाण्याच्या गुंडात बुडवली,
नातवाला चुलीपासून हाकललं,
मग म्हणाला, "शेवटचा प्रश्न पयले लिवाचा रायते, पोट्ट्या."

बारूद त्यानं काढलीच नाही. मोहरी काढली.
बांबूचं एक कांडं, करंगळीएवढं,
तोंड घासून घासून काचेसारखं झालेलं,
आणि सोनाराचा जुना तराजू, एका पारड्यात गुंजा.
भर म्हणाला. तोल म्हणाला.
मी दहादा भरलं. दहादा वेगळं.
एकदा हात जोरात, एकदा मन दुसरीकडं,
एकदा सडकेवरून एसटी गेली आणि पारडं थरथरलं.
"माप खोटं नाही बोलत," बाबा म्हणाला,
"हात बोलते. रोज एकच हात घेऊन ये."

आमच्याकडं तांदूळ मोजताना
पायली शिगेनं भरतात, खाली सांडेल इतकी,
आणि पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन.
आईनं तसंच शिकवलं.
अकराव्यांदा मोहरीची शीग चढली
आणि माझ्या तोंडातून गेलं, लाभ.

बाबानं वहीच्या पुठ्ठ्यानं शीग छाटली.
मोहरी उडाली, कोंबडी धावली.
"इथं लाभ नाही म्हनाचा," तो हळू म्हणाला.
"ह्या एका जागी वरचं पडते ते आपलं नसते."
"मंग कोनाचं असते?"

तो काही बोलला नाही. आढ्याकडं पाहिलं.
तिथं एक लोखंडी नळी टांगली होती,
टोकाला केळाच्या सालीसारखी उकललेली.
तिच्यावर मक्याची कणसं वाळत होती.
लहानपणापासून पाहत आलो,
कणसांसाठीच घडवली असेल असं वाटायचं.
ती कोणाची, हे माझ्या यादीत नव्हतं.
मी विचारलंही नाही.

त्या रात्री बंदूक खुंटीवरच राहिली.
बांधावर डबा वाजवत बसलो, डुकरं हसली असतील.
पहाटे नखात एक मोहरी सापडली,
तिला फेकावी की ठेवावी कळेना,
तशीच राहू दिली.

सोमवारी गिरणीत पाच पोती घेऊन
भिसी बाजूची एक बाई आली.
पहिलं पोतं चढलं.
मालक गल्ल्यावरून ओरडला, "हं, चरणदास, मोज!"
मी म्हणालो, "एक."

मालकानं चष्म्यावरून पाहिलं.
बाईनंही पाहिलं, अपशकुन झाल्यासारखं.
डावा पाय कुठं ठेवायचा ते मला सुचेना,
तो बगळ्यासारखा हवेत राहिला
आणि काटा हलत, हलत,
बराच वेळ हलत राहून
एका जागी येऊन थांबला.