चार तासांचं अंडं

स्वान्सीच्या इस्पितळात नेरिसनं पुढ्यात ठेवलं
गार अंडं, दोन टोस्ट, जॅमची इवली डबी.
"दहा मिनिटांत संपवा हं.
अंड्यात किंचित किरणोत्सार आहे, चव लागत नाही."
नाहीच लागली. मीठसुद्धा नव्हतं.

मग यंत्रापुढे उभी, मिनिटभर.
पडद्यावर काळोखात एक उजळ पिशवी,
माझी म्हणे.

तासाने पुन्हा. दोन तासांनी पुन्हा.
मधल्या वेळात खिडकी.
ओहोटीनं समुद्र इतका मागे सरला
की माणसं कुत्री घेऊन त्याच्या जागेवरून चालत होती.
माझं अंडं तिथंच.

आई म्हणायची, ऐकलेलं पोटात ठेवावं.
ठेवलं.
नलूमावशीच्या बारशाच्या पंगतीत
वाढता वाढता कुणी बोललेलं ते एक वाक्य,
वरून पाणी प्यायले, बोलले नाही.
आता सकाळची पेजही
रात्री वर येऊन ओळख दाखवते.

चौथ्या तासाला नेरिसनं चष्मा वर केला.
"एक्केचाळीस टक्के अजून आत.
दहाच्या खाली हवे होते."

"कशाचे?" मी विचारलं.

ती क्षणभर थांबली.
"अंड्याचे," म्हणाली,
आणि माझा कोट शोधायला गेली.