हँडलवरची जागा

डोमाजी निवृत्त झाले त्या आठवड्यात
मी तीनदा रस्ता चुकलो.
अठरा वर्षं ते मागे बसायचे,
नायट्रोजनचं भांडं मांडीत धरून,
आणि फाटा आला की खांदा दाबायचे:
उजवा तर उजवीकडे, डावा तर डावीकडे,
दोन्ही दाबले म्हणजे थांब, नाल्याला पाणी आहे.

गाय माजावर आली की तासांचा हिशोब असतो.
चुकलेल्या रस्त्यासाठी ती थांबत नाही.
मग पुढे एकवीस दिवस.
गायवाला तोंडावर काही म्हणत नाही,
चहा देतो. तेच जास्त लागतं.

मोबाईल होता. पण रुंझ्याच्या पुढे रेंज नाही,
आणि हादरे खाऊन आधीच्या फोनचा
कॅमेरा आंधळा झालेला.
म्हणून यवतमाळला गेलो.
पोराने काचेवर तीन यंत्रं मांडली.
पहिलं मोठं, रंगीत, सिनेमासुद्धा दाखवणारं.
विचारलं, मे महिन्यात भर दुपारी दिसतं का?
तो एसीत उभा. "दिसेल नं सर."
बाहेर नेऊन पाहिलं. पडद्यात फक्त माझं तोंड
आणि नाकावरचा घाम.
दुसरं हातमोज्याला ओळखेना.
तिसरं बुटकं, जाड कडांचं, बटणं दाबायचं,
कोणी घेत नाही म्हणून मागे पडलेलं.
उन्हात धरलं तर अक्षरं काळी, ठाम.

मुख्तार मिस्त्रीने हँडल न्याहाळलं,
जुन्या सदऱ्याला खिसा कुठे बसेल
हे शिंप्याने बघावं तसं.
मधोमध लावलं, चावी फिरेना.
उजवीकडे लावलं, ब्रेकच्या तेलाची खूण झाकली.
आरशाच्या बोल्टवर बसवून हँडल पूर्ण वळवलं,
कोपरा टाकीला घासला, चरा उमटला,
आणि आम्ही तिघंही गप्प.

शेवटी क्लचच्या अलीकडे,
सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन वेढे देऊन,
वर पकड, पकडीवर यंत्र.
वायर टाकीखालून बॅटरीकडे, मध्ये फ्यूज.
चावी बंद की तेही बंद.
"नाही तं सकाळी गाडी अन् गाय, दोनी थंड्या,"
मिस्त्री म्हणाला.

तिसरे म्हणजे डोमाजी. मोतीबिंदूचा काळा चष्मा,
स्टुलावर बसलेले.
"याले पोडं दिसतेत काय?"
दिसत नव्हते.
दोन पिढ्यांत जिथे दिवा लागला नाही
ती रिठं मात्र होती, नावानिशी.
आणि टेकामपोड, बेचाळीस चुलींचं,
तिथे नुसती पांढरी जागा.
"मंजे मेलेल्यायचे पत्ते याले पाठ हायेत,"
डोमाजी म्हणाले. "जित्यायचे तू शिकव."

तर शिकवतो आहे.
गोठ्यासमोर गाडी थांबवायची, बटण धरून ठेवायचं,
ते नाव विचारतं.
सहाच अक्षरं मावतात, तीही इंग्रजी.
पोडाचं नाव मावत नाही,
मालकाचं तर नाहीच.
गाईचं मावतं.
आता माझ्या पडद्यावर टिपेश्वरच्या कडेकडेने
मोरी, बांडी, कपिली, मैना,
आणि एक जिला नावच नव्हतं,
तिथे मी नुसता फुलीचा आकडा टाकला.

परवा डोमाजी म्हणाले, एक चक्कर ने.
मागे बसले. भांडं मांडीत.
सागाच्या वळणानंतर बाण सरळ दाखवत होता
आणि माझे दोन्ही खांदे दाबले गेले.
मी करकचून ब्रेक मारला.
नाला कोरडा. वाळूत बकऱ्यांच्या लेंड्या.
"पाणी कुठे आहे?"
"पाणी नाही रे बाबू, मले उतरू दे.
लघवीले लागली."

ते झुडपाआड गेले.
वेग शून्य. आभाळात सात उपग्रह सापडलेले.
मी बटण धरून ठेवलं.
डोमाजी. बरोबर सहा अक्षरांत बसले.
जतन करायचं का, विचारत होतं,
तोवर झुडपातून हाक आली,
"चाल नं बाबू, माज उतरन तिचा."