चार सिटिंग

सलमियातलं क्लिनिक, चौथा मजला,
खाली शावरमाचं दुकान.
मार्जोरी नाव विचारते.
खानविलकर म्हटलं की 'खान' एवढंच लिहिते.
मीही आता दुरुस्त करत नाही.

डोळ्यांवर स्टीलच्या वाट्या बसवल्या,
निरांजनाएवढ्या. गार.
"हलू नका, मॅडम." मग टक्. टक्.
फोडणीतली मोहरी गालावर उडावी तसं,
आणि जळक्या केसाचा वास.

डॉक्टर म्हणाले होते, रंगद्रव्य आहे, फार खोल नाही.
मी पडल्या पडल्या हिशेब केला:
अकरा वर्षं नाइट ड्यूटी,
काचेच्या पेटीतली सातव्या महिन्याची बाळं,
मॉनिटरवरचा तो हिरवा आकडा
जो घसरला की आपलाच श्वास अडतो.
किती काय डोळ्यांखालून गेलं.
थोडं राहिलं असेल तिथंच.

परवा व्हिडिओ कॉलवर ओवी म्हणाली,
"आई, तू रागावलीयेस का?"
मी तर हसत होते.
त्या रात्री पंचेचाळीस दिनार बाजूला काढले.

"पंधरा दिवस उन्हात जायचं नाही," मार्जोरी सांगते.
जुलै. कुवेत. माझा बसस्टॉप.
दोघी एकदमच हसलो.

मलम लावायला ती वाकली तेव्हा दिसलं,
तिच्या कन्सीलरला घामानं भेग पडलेली,
आत तोच जांभळट रंग,
माझ्याहून जुना.
"तू नाही का करून घेतलंस?"
"स्टाफला निम्म्यात आहे," ती म्हणाली,
"पण मशीन कोण धरणार?"

पुढची तारीख सकाळी आठची दिलीय.
ड्यूटीवरून थेट येईन.
झोपेचं बघू नंतर.